वेदिकेचं प्रस्थान

वेदिका चांगल्या वेळी घरातून निघावी, एवढंच तुंगाबाईंना हवं होतं. त्यापलीकडे त्यांनी काही केलं नाही. सोमवारी जे झालं त्याबद्दल कुणी त्यांच्याकडे बोट दाखवलं, तर त्यांचं म्हणणं आजही तेच आहे, की पंचांग काही त्यांनी छापलेलं नाही.

वेदिका त्यांची नात. दहावी झाली, मार्क चांगले पडले, आणि पीयूसीसाठी, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसाठी, हेब्बाळकडच्या एका कॉलेजातून बोलावणं आलं. सोमवारी साडेनऊला मुलाखत. सगळी मूळ कागदपत्रं आणि एक पालक सोबत हवा. जेवणाच्या सुट्टीआधी याद्या बंद होतील, त्यानंतर जागा पुढच्या मुलाला. कॉलेजवाल्यांनी शेवटचं वाक्य ठळक अक्षरांत छापलं होतं, त्यामुळे प्रदीपने, म्हणजे तुंगाबाईंच्या मुलाने, ते घरात तीनदा मोठ्याने वाचलं.

घर बसवनगुडीत. तिथून हेब्बाळ म्हणजे शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. आठला तरी निघायला हवं. आणि सोमवारचा राहुकाळ, म्हणजे घराबाहेर पडायला अशुभ वेळ, साडेसात ते नऊ.

तुंगाबाईंचे आजेसासरे साताऱ्याहून बेंगळुरात आले तेव्हा त्यांच्या सामानात राहुकाळ नव्हता. तो इथे आल्यावर घराला चिकटला, सांबारासारखा आणि 'अक्का' म्हणण्यासारखा. साताऱ्याचे नातेवाईक हसतात. पण तुंगाबाईंचं निरीक्षण असं, की दर सोमवारी अख्खं बेंगळूर नेमकं राहुकाळात घराबाहेर पडतं आणि मग तासन्‌तास रस्त्यात अडकून बसतं. याहून मोठा पुरावा अजून काय हवा.

"मग सातला निघू या," त्या म्हणाल्या.

"आई, कॉलेजचं गेट नऊला उघडतं. पोरीला फूटपाथवर उभी करू का?" प्रदीप म्हणाला.

त्याची बायको श्रीविद्या बँकेच्या कामाने मंगळूरला गेली होती. ती असती तर मध्ये पडली असती. ती नव्हती, म्हणून विषय तिथेच संपला. निदान प्रदीपला तसं वाटलं.

विषय कुठला घ्यायचा, हा प्रश्न त्याआधीच संपला होता. तो संपवायला अख्खी इमारत आली होती. सोसायटीचे सेक्रेटरी दयानंद पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला आले आणि जाताना पीसीएमबीच, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सबरोबर बायॉलॉजीच घ्या, सगळे रस्ते मोकळे राहतात, असं सांगून गेले. वरच्या मजल्यावरची शिल्पाश्री कोरमंगलात कुठल्याशा नव्या कंपनीत माणसं नेमायचं काम करते. तिने सांगितलं की येत्या पाच वर्षांत कॉम्प्युटर सोडून काहीच उरणार नाही. मग तिने तुंगाबाईंकडे असं पाहिलं की त्यांनी नकळत पदर सावरला. प्रदीप स्वतः बेळ्ळंदूरच्या टेक पार्कात नेटवर्कचं बघतो, तेव्हा त्याचं मत आधीच ठरलेलं होतं. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, कॉम्प्युटर. पीसीएमसी.

तुंगाबाईंचं मतही वेगळं नव्हतं. चामराजपेटच्या मुलींच्या शाळेत त्यांनी सगळी नोकरी गणित शिकवण्यात घालवली. आपल्या वर्गातून गणितात नापास झालेली मुलगी बाहेर पडली नाही, असं त्या सांगतात. ज्या पडल्या असत्या त्या आधीच दुसऱ्या शाळेत गेल्या, हे त्या सांगत नाहीत. एके काळी या भागातले आईबाप निकाल हातात घेऊन त्यांच्या पायरीवर बसून राहायचे. "टीचर, मुलीला काय द्यावं?" आता कुणी विचारत नाही. आता शिल्पाश्रीला विचारतात.

वेदिकेला कुणी विचारलं नाही असं मात्र नाही. प्रदीपने विचारलं होतं, "पीसीएमसी चालेल ना?" ती "हं" म्हणाली होती. त्या घरात 'हं'चा अर्थ होकार असा धरतात.

तर रविवारी संध्याकाळी, रविवारचा राहुकाळ सहाला संपला तशा, तुंगाबाई उठल्या. अशा अडचणीला आपल्या जुन्या लोकांनी एक सोय करून ठेवलेली आहे. वाईट वेळेला निघणं भाग असेल, तर निघणाऱ्याची एखादी वस्तू चांगल्या वेळी शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. मग त्याने खुशाल राहुकाळात दार ओढावं. वाटेत ती वस्तू उचलायची आणि पुढे जायचं. तुंगाबाईंच्या मॅट्रिकच्या परीक्षेच्या वेळी त्यांच्या वडिलांनी समोरच्या जोशांकडे त्यांची कंपासपेटी ठेवली होती, आणि त्या पहिल्या आल्या होत्या.

बाकी लोक सुपारी ठेवतात, तांदूळ ठेवतात, फार तर रुमाल. पण तुंगाबाई गणिताच्या. ज्या कामाला जायचं त्या कामाचीच वस्तू ठेवली तर गुण जास्त, हे त्यांना सरळ दिसत होतं. त्यांनी कापडी पिशवी घेतली, त्यात मूठभर तांदूळ आणि सुपारी टाकली, आणि टेबलावर तयार असलेली वेदिकेची फाईलही टाकली. मार्कशीट, टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, फोटो, सगळं.

समोरच्या फ्लॅटमध्ये कस्तुराबाई राहतात. निपाणीच्या. मराठी बोलायला सुरुवात करतात आणि कानडीत संपवतात, पण असल्या गोष्टींना दोन्ही भाषांत मान देतात.

"द्या की अक्का," त्या म्हणाल्या. "देवापुढं ठेवते. पोरीचं सोनं होतंय बघा."

तुंगाबाई घरी आल्या आणि कितीतरी दिवसांनी निवांत झोपल्या.

सकाळी प्रदीपने टेबल पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, मग सोफ्याच्या गाद्या उचलायला लागला.

"वेदिका, फाईल कुठाय?"

"इथेच होती, बाबा."

"काळजी करू नका," तुंगाबाई देवघरातून म्हणाल्या. "ती कालच निघाली आहे."

प्रदीप गादी हातात धरून उभा राहिला. तुंगाबाईंनी शांतपणे सगळं सांगितलं. त्याचा चेहरा बघून, सांगता सांगता त्यांचा आवाज आपोआप बारीक होत गेला.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "समोरून घेतो आणि निघतो."

समोर कुलूप होतं.

कस्तुराबाईंच्या मुलाने अमेरिकेतून त्या दाराला आकडे दाबून उघडायचं कुलूप बसवून दिलं आहे. त्याचे आकडे सगळ्या मजल्याला पाठ आहेत, आणि म्हणूनच कस्तुराबाईंचा त्यावर काडीचा भरवसा नाही. त्या त्याच्यावर निपाणीहून आणलेलं पितळी कुलूप घालतात. नारळाएवढं. त्याची चावी त्यांच्या कमरेच्या बटव्यात असते, झोपेतसुद्धा.

फोन लागला तेव्हा मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"मी बेळ्ळंदूरला लेकीकडं आले की," कस्तुराबाई म्हणाल्या. "साडेसातला राहू लागतोय न्हवं, म्हून पहाटंच निघाले. तुमची पिशवी हाय की देवापुढं. हळदकुंकू वाहिलंया, फूल ठेवलंया. अजिबात काळजी करू नगा."

दयानंद बनियनवर बाहेर आले. कुलूप तोडावं की तोडू नये, याबद्दल सोसायटीचा नियम काय, हे त्यांनी सांगायला घेतलं. शिल्पाश्री जिन्यातून उतरता उतरता थांबली आणि मार्कशीट मोबाईलवर मिळते असं म्हणाली. मार्कशीट मिळत होती. टीसी मिळत नव्हता. मग कुणीतरी बिजागऱ्या काढू या म्हणालं. बिजागऱ्या आतून होत्या. या सगळ्या वेळात कुणीही तुंगाबाईंना काही बोललं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. दयानंदांनी तर त्यांना बसायला खुर्ची आणून दिली, आजारी माणसाला देतात तशी.

प्रदीपने हेल्मेट उचललं.

"मी बेळ्ळंदूरला जातो, चावी आणतो, इथून पिशवी घेतो आणि हेब्बाळला येतो. आई, तू वेदिकेला घेऊन पुढे जा. नंबर आला तर त्यांना थांबवून धर. काहीही सांग."

"आत्ता?" तुंगाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वाआठ. राहुकाळाचा ऐन मध्य. आणि त्यांचं स्वतःचं प्रस्थान कुणाकडेच ठेवलेलं नव्हतं.

"आत्ताच," प्रदीप म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुंगाबाईंनी तसल्या वेळी उंबरठा ओलांडला. उजवा पाय पुढे टाकला, तेवढंच हातात होतं.

रिक्षावाल्याचं नाव शिवाप्पा, ते मागच्या काचेवरच लिहिलेलं होतं. हेब्बाळ म्हटल्यावर त्याने आकाशाकडे पाहिलं. "स्वल्प लेट आगुत्ते, अम्मा," म्हणाला, म्हणजे थोडा उशीर होईल, आणि लगेच खरा करून दाखवायला लागला. कॉर्पोरेशनच्या सर्कलपाशी ते सरकेनात. तुंगाबाई मनात स्तोत्र म्हणत होत्या आणि दर दोन ओळींनंतर त्यांना टीसी आठवत होता.

"आजी," वेदिका बाहेर बघत म्हणाली. "फाईल वेळेत आलीच नाही, तर काय होईल?"

"येईल. तुझे बाबा आणतील."

"पण नाही आली तर? पीसीएमसी जाईल ना?"

तिच्या आवाजात काळजी असायला हवी होती. तुंगाबाईंनी आयुष्यभर परीक्षेच्या वर्गांतून फेऱ्या मारल्या होत्या. मुलगी कशाला घाबरली आहे, हे त्यांना पाठमोऱ्या वेणीवरूनही कळतं. ही पोर जागा जाईल म्हणून घाबरलेली नव्हती.

"वेदिका. इकडे बघ. तुला काय घ्यायचं आहे?"

"एचईपीएस."

हिस्ट्री, इकॉनॉमिक्स, पोलिटिकल सायन्स, सोशिऑलॉजी. तुंगाबाईंच्या काळात ज्यांना काहीच मिळायचं नाही त्यांना ते मिळायचं. त्यांनी चारही विषय मनात ओळीने मांडले आणि त्यात गणित शोधलं. नव्हतं.

"गणितात तुला किती होते?"

"शंभरात सत्त्याण्णव."

"मग?"

"मग काय, आजी. येतं मला. येतं म्हणून तेच करायचं का?"

रिक्षा हलली आणि परत थांबली. वेदिका बोलू लागली तशी थांबेचना. शाळेचा प्रकल्प होता, बेळ्ळंदूरच्या तळ्यावर. बाकीची मुलं बाटल्या घेऊन पाणी तपासत होती, तळ्यावर तरंगणारा फेस मोजत होती. ही काठावरच्या एका म्हातारीपाशी बसली. ती पूर्वी तिथे म्हशींसाठी गवत कापायची. आता गवत कुठे गेलं, कापणारे कुठे गेले, जमीन कुणाची होती, ती कुणी आणि कुणाला विचारून भरली, हे वेदिका विचारत राहिली. "सरांनी मार्क कमी दिले. म्हणाले, तू काहीच मोजलं नाहीस."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू गणिताची टीचर," वेदिका म्हणाली.

एवढं एकच कारण. तुंगाबाईंच्या पायरीवर एके काळी अख्खा भाग येऊन बसायचा, आणि घरातल्या पोरीने मात्र त्यांना कधी काही विचारलं नव्हतं.

कॉलेजात पोचल्या तेव्हा बाकावर दोन हातांची जागा उरली होती. मुलं एकेक करून आत जात होती. आईबाप बाहेर, फायली छातीशी धरून. फाईल नसलेल्या तुंगाबाई एकट्याच. शेजारच्या बाईंनी त्यांचे रिकामे हात पाहिले आणि आपली फाईल जरा दुसरीकडे सरकवली.

फोन आला. प्रदीप अजून बेळ्ळंदूरच्या अलीकडेच होता. "काहीही हलत नाही आई. माणसं गाड्या बंद करून उतरलीत." मग बऱ्याच वेळाने दुसरा फोन, चावी मिळाली. मग घरून, पिशवी मिळाली. मग हेब्बाळच्या वाटेवरच्या मेखरी सर्कलवरून, ज्यात त्याचं बोलणं कमी आणि श्वासच जास्त ऐकू आला. आणि तेवढ्यात शिपायाने वेदिकेचं नाव पुकारलं.

प्राचार्या पन्नाशीच्या, कपाळावर मोठं कुंकू. त्यांनी हात पुढे केला. "ओरिजिनल्स?"

काहीही सांग, असं प्रदीप म्हणाला होता. तुंगाबाईंनी वाटेत दोन-तीन गोष्टी रचूनही ठेवल्या होत्या. पण समोर खुर्चीत बसलेली बाई शिक्षिका होती, आणि शिक्षिकेसमोर थाप मारणं त्यांना जमेना. त्यांनी कानडीत सगळं खरं सांगितलं. राहुकाळ, पिशवी, निपाणीचं कुलूप, मेखरी सर्कल.

टेबलाशी बसलेला क्लार्क खाली मान घालून खोकला.

प्राचार्यांनी पेन खाली ठेवलं. "काल संध्याकाळी सहाच्या आत ठेवलंत की नंतर?"

"नंतर."

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मग येईल. मी स्वतः आज सातच्या आधी येऊन ऑफिसात बसले आहे. मुलाखती साडेनऊला का ठेवल्या असं वाटतं तुम्हाला?" त्यांनी घड्याळ पाहिलं. "पण याद्या मात्र जेवणाआधी बंद होतात. त्या माझ्या हातात नाहीत. विषय पीसीएमसी, असंच लिहिलंय इथे. पक्कं करू?"

वेदिका खाली बघत होती. तिच्या तोंडून तेच 'हं' बाहेर पडायच्या बेतात आहे, हे तुंगाबाईंना दिसलं.

"लिहू नका अजून," त्या म्हणाल्या. "हिचा बाप येतोय. त्याच्यासमोर हीच सांगेल."

"आजी, नको," वेदिका कुजबुजली. "बाबा चिडले तर वेळ जाईल. मग दोन्ही जातील."

"जातील," तुंगाबाई म्हणाल्या. "पण तुझ्या वतीने मी बोलणार नाही. मी एकदा तुझ्या वतीने फाईल ठेवली, ते बघतेयस ना."

दोघी व्हरांड्यात थांबल्या असताना प्रदीप आला, तेव्हा हेल्मेट काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. पिशवी त्याने पोटाशी धरली होती आणि तिच्यातून एक झेंडूचं फूल बाहेर डोकावत होतं. आत क्लार्क दुसऱ्या नावांवर खुणा करत होता. आत जायच्या आधीच वेदिकेने ते सांगून टाकलं, उभ्या उभ्या, एका श्वासात.

त्याने हेल्मेट काढलं. "एचईपीएस? आज? आत्ता?" मग आईकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"रिक्षात कळलं. तुझ्याइतकंच उशिरा."

"मी सकाळपासून अर्धं शहर फिरलो. बेळ्ळंदूरला दीड तास एका जागी उभा होतो, वेदिका. दीड तास. तुझ्या पीसीएमसीसाठी."

"का उभे होतात, बाबा?"

"का म्हणजे? ट्रॅफिक."

"ते ट्रॅफिक तिथेच का होतं? तिथे तलाव होता, शेतं होती. मग एवढ्या इमारती आल्या, आणि रस्ता तेवढाच राहिला. हे कुणी ठरवलं, कसं ठरवलं, हे तुमच्या कुठल्या विषयात शिकवतात?"

प्रदीप रोज त्या रस्त्याने जातो. गेली अकरा वर्षं तो त्या रस्त्याला शिव्या देतो, पण हा प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"आमच्यात नाही शिकवत," तो सावकाश म्हणाला.

"एचईपीएसमध्ये शिकवतात."

क्लार्कने दारातून डोकं बाहेर काढलं. "लिस्ट क्लोज करतोय."

प्रदीप हलेना. तुंगाबाई पुढे झाल्या. वर्गात शेवटची घंटा व्हायच्या आधी ज्या आवाजात गणित पुरं करायच्या, त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "प्रदीप, प्रस्थान ठेवलं की माणूस निघाला असं धरतात. पोर काल संध्याकाळीच निघाली. कुठे निघालीस, हे आपण दोघांनी विचारायचं राहिलं. आता विचारलंय. सही कर."

"आणि नंतर तिला पश्चात्ताप झाला तर?"

"मग होईल. तिचा होईल, तुझा नाही."

प्रदीप आत गेला आणि त्याने पिशवी प्राचार्यांच्या टेबलावर उपडी केली. फाईल बाहेर आली आणि तिच्या मागोमाग सुपारी घरंगळत गेली, तांदूळ सगळ्या कागदांवर सांडले. प्राचार्यांनी ते हाताने गोळा करून आधी पिशवीत परत घातले, आणि मगच टीसी उघडला.

"इकॉनॉमिक्समध्ये आलेख असतात ना?" तुंगाबाईंनी विचारलं.

"असतात," प्राचार्या म्हणाल्या.

"मग ठीक आहे," तुंगाबाई म्हणाल्या.

दुपारी आजी-नात घरी पोचल्या तेव्हा कस्तुराबाई जिन्यात बसलेल्या होत्या. प्रदीप घाईत पितळी कुलूप परत लावून गेला होता, आणि चावी खिशात घालून हेब्बाळहून थेट ऑफिसला गेला होता. बेळ्ळंदूरला. जिथून कस्तुराबाई नुकत्याच परत आल्या होत्या.

"असू द्या की अक्का," त्या म्हणाल्या. "पोरगी पोचली न्हवं? बघा गुण." त्या आत येऊन सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या. "काय घेतलं मग? कॉम्पुटर?"

"सोशिऑलॉजी," वेदिका म्हणाली.

"म्हंजे काय ओ?"

वेदिकेने जरा विचार केला. "कस्तुराआजी, निपाणीला तुम्ही लहान होता तेव्हा तुमच्या गल्लीत कोण कोण राहायचं? आणि मग ती माणसं कुठे गेली?"

कस्तुराबाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी हे विचारलं नव्हतं. त्यांनी बटवा कमरेतून काढून बाजूला ठेवला, आणि बोलायला सुरुवात केली. तंबाखूच्या वखारीपासून.

तुंगाबाई स्वयंपाकघरात चहा टाकत ऐकत होत्या. ना आकडा, ना सूत्र, ना शेवट. मध्येच कस्तुराबाई एका मावशीकडे वळल्या आणि परत आल्याच नाहीत. वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं, तर तुंगाबाईंनी समासात मोठा भोपळा काढला असता.

बाहेर वेदिका विचारत होती, "मग?"

तुंगाबाईंनी आधणात आणखी दोन कप पाणी घातलं.